गवती चहाच्या अर्कासाठी घरगुती कॉइल: वाफ टोकातून का निसटते आणि नळी कशी वळायची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. परसातल्या गवती चहाचा अर्क काढायला तुम्ही १० लिटरचा कुकर घेतलात. शिट्टीच्या जागी सिलिकॉनची नळी बसवलीत, तिला पुढे पाव इंची तांब्याची ४ फूट नळी जोडलीत आणि तिचे पाच वेढे करून (हीच कॉइल) ते १५ लिटरच्या बादलीत बुडवलेत. चांगल्या बादलीला भोक पाडायचं जिवावर आलं म्हणून नळीचं टोक काठावरून बाहेर काढलंत. पहिली वीस मिनिटं अर्क छान येतो. मग नळीत गुडगुड सुरू होते, अर्क पिचकारीसारखा उडतो आणि टोकातून वाफ फुसफुसते. आता तुम्ही विचारताय की नळी आणखी किती फूट वाढवू, आणि तांब्याऐवजी स्टील घेऊ का.

नळी वाढवावी लागेलच. पण नुसती नळी वाढवलीत तर वीस मिनिटांची पंचवीस होतील, आणि गुडगुड तर वाढेलच.

मी तीस वर्षं फ्रिज-एसीच्या दुरुस्तीत काढली. त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं गुलाबजल, वाळा, गवती चहा काढणाऱ्यांना छोटी यंत्रं करून देतोय. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण कॉइलबद्दल विचारतो. आच किती आणि पाणी किती, हे कोणी विचारत नाही. खरं तर कॉइल ही मधली दलाल आहे. चुलीवरची उष्णता घ्यायची आणि बादलीतल्या पाण्याला द्यायची, एवढंच तिचं काम. देणारा जास्त देतोय आणि घेणाऱ्याचं पोट भरलंय, तर दलालाने काय करावं?

हिशेब मांडू. १०० अंशांवर उकळणाऱ्या १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता लागते. त्या वाफेचं परत पाणी करताना तेवढीच उष्णता काढून घ्यावी लागते. वर ते पाणी १०० वरून ४० अंशांवर आणायचं तर आणखी २५० धरा. म्हणजे लिटरभर अर्कामागे २५०० किलोज्यूल बादलीत जाणार. तुमची गॅसची मोठी शेगडी पूर्ण आचेवर असेल तर तासाला २ लिटरच्या आसपास पाणी उडत असेल. अंदाजावर राहू नका, मोजा. पातेल्यात पाणी खळखळ उकळू लागलं की वजनकाट्यावर ठेवा, परत चढवून अर्धा तास त्याच आचेवर उकळा, मग पुन्हा वजन करा. फरकाची दुप्पट ही तुमची तासाची वाफ. कोणत्याही पुस्तकापेक्षा हा आकडा तुमच्या घरासाठी खरा.

आता तुमची बादली बघा. १५ लिटर पाणी २८ अंशांवरून ६० अंशांवर जायला साधारण २००० किलोज्यूल पुरतात. तासाला २ लिटर अर्क म्हणजे तासाला ५००० किलोज्यूल. भागाकार केला तर २४ मिनिटं येतात. तुम्ही लिहिलेली वीस मिनिटं ती हीच. गरम पाणी वर चढून बसतं, त्यामुळे वरचे दोन वेढे तर दहाव्या मिनिटालाच निकामी होतात. नळीत काही बिघडत नाही, बादली भरते. पाण्याने नाही, उष्णतेने.

बर्फ टाकून पाहिला, असंही तुम्ही लिहिलंय. बऱ्याच जणांना वाटतं की बर्फाने प्रश्न सुटेल. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. म्हणजे लिटरभर अर्कासाठी साडेसात किलो बर्फ वितळायला हवा. फ्रीजच्या ट्रेमधले चौकोन टाकले तर दोन मिनिटांचा दिलासा मिळतो, बस्स.

दुसरी गोष्ट ते काठावरून काढलेलं टोक. यात सगळ्यात मोठी गफलत आहे आणि ती फार जण करतात. नळी बादलीच्या तळापर्यंत उतरते आणि मग पुन्हा काठापर्यंत चढते. वाफेचं पाणी झालं की ते तळाच्या वेढ्यात साचतं. ते आपोआप चढणार नाही. मागून वाफेचा दाब वाढतो, साचलेलं पाणी एकदम ढकललं जातं, ती तुमची पिचकारी. मग नळी क्षणभर मोकळी होते, वाफ सरळ निसटते, पुन्हा पाणी साचतं. गुडगुड, पिचकारी, फुस्स, पुन्हा गुडगुड. अर्काची नळी कुकरच्या डोक्यापासून बाटलीच्या तोंडापर्यंत कुठेही वर चढता कामा नये. बादलीला खालून भोक पाडावंच लागेल. रंगाची रिकामी २० लिटरची बादली घ्या, म्हणजे जीव कासावीस होणार नाही.

तिसरी चूक नळीच्या जाडीची. पाव इंची नळीचं आतलं भोक पावणेपाच मिलीमीटर. १ लिटर पाण्याची वाफ सुमारे १६७० लिटर जागा मागते. तासाला २ लिटरच्या हिशेबाने ही वाफ त्या भोकातून ताशी १९० किलोमीटर वेगाने धावते. अर्धा इंची नळीत, जिचं भोक ११ मिलीमीटर असतं, तिथे हाच वेग ताशी ३५ किलोमीटरवर येतो. तुमच्या कुकरच्या शिट्टीखालचं भोक तर नळीपेक्षाही बारीक. गवताचा एक तुकडा तिथे जाऊन बसला की खाली बंद बॉम्ब तयार. कुकर वापरायचाच असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, गवताच्या वर स्टीलची जाळी ठेवायची आणि एक तृतीयांश जागा रिकामी सोडायची. पण माझं ऐकाल तर कुकर स्वयंपाकघरात परत द्या. त्याच्या रबरी गॅस्केटचा वास अर्कात उतरतो तो वेगळाच. जाड बुडाचा, झाकणाचा स्टीलचा डबा किंवा दुधाचा कॅन घ्या, झाकणाला अर्धा इंची निपल, म्हणजे नळी जोडायचा आट्यांचा तुकडा, बसवून घ्या आणि झाकणाची फट कणकेने लिंपा. घट्ट भिजवलेल्या कणकेची बोटभर जाड वळी करून दाबायची. ती वाफेने शिजून दगडासारखी होते आणि दाब वाढलाच तर सगळ्यात आधी तीच फुटते. फुकटचा सेफ्टी व्हॉल्व्ह. झाकणावर वजन ठेवायचं नाही, क्लॅम्प लावायचे नाहीत.

थोडं विषयांतर करतो, पण कामाचं आहे. कनौजला अत्तर काढतात तिथे कॉइल नसतेच. तांब्याची देग, म्हणजे उकळायचं भांडं, तिला जोडलेला बांबूचा चोंगा, म्हणजे नळी, आणि चोंग्याचं दुसरं टोक भपक्यात. हा भपका म्हणजे तांब्याचं सुरईसारखं भांडं, पाण्याच्या हौदात बसवलेलं. वाफ भपक्याच्या पोटातच थंड होते. कारागीर पाण्यात हात घालून भपका चाचपत असतो. फार तापला की आच कमी, पाणी बदल. गोव्यात काजूच्या जुन्या भट्टीवरही तसंच होतं. भाण म्हणजे उकळायचं मडकं, त्यातली वाफ लावणी नावाच्या मातीच्या भांड्यात उतरायची आणि लावणीवर एक माणूस पाणी ओतत बसायचा. सिमेंटच्या टाकीतली तांब्याची कॉइल तिथे मागाहून आली. दोन्हीकडे नळी सरळसोट, तरी शेकडो वर्षं काम चाललं, कारण आचेवर आणि पाण्यावर माणसाचं लक्ष होतं. कॉइलने तो पाणी ओतणारा माणूस वाचवला, एवढंच.

आता तुमची कॉइल. साध्या, हळू हलणाऱ्या पाण्यात बुडवलेल्या नळीसाठी मी दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे ४०० वॅट धरतो. तासाला २ लिटर म्हणजे १४०० वॅट. वाफ आणि पाण्यातला सरासरी फरक ५० अंश धरला तर लागतं ०.०७ चौरस मीटर क्षेत्रफळ. तुमच्या ४ फूट पाव इंची नळीचं आहे ०.०२४. तिप्पट कमी. अर्धा इंची नळीचं क्षेत्रफळ मीटरला ०.०४ पडतं, म्हणजे कागदावर पावणेदोन-दोन मीटर पुरेत. मी ५ मीटर घ्यायला सांगतो. वरचे वेढे कोमट पाण्यात राहतात, चार महिन्यांत बाहेरून क्षार चढतो, आणि कोणी ना कोणी घाईत आच वाढवतंच. ५ मीटरच्या पुढे जाऊ नका. खालच्या वेढ्यांना काम उरत नाही, उलट गवती चहाचं मोलाचं तेल त्या लांब नळीला आतून चिकटून राहतं.

नळी एसीवाल्यांच्या दुकानातून घ्या, नवी. मऊ तांब्याची नळी ५० फुटांच्या गुंडाळीत येते, फुटावर कापून देतात. भंगारातल्या एसीची नळी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. कंप्रेसरचं तेल तिच्या आत मुरलेलं असतं आणि ते कशाने जात नाही, हे मी त्या धंद्यातला असून सांगतोय. दुकानदार गुंडाळी सरळ करून देतो म्हणाला तर नको म्हणा. तांबं एकदा वाकवून सरळ केलं की कडक होतं, आणि दुसऱ्यांदा वळताना तिथेच चेपतं. दुकानातल्या मोठ्या गुंडाळीतूनच थेट लहान वेढ्यात उतरवायचं.

साच्यासाठी ६ इंची पीव्हीसी पाइपचा दीड फुटी तुकडा घ्या. त्यावर एक वेढा साधारण ५४ सेंटीमीटरचा होतो. दोन्ही टोकांना मिळून दोन फूट सोडलेत तर आठ वेढे बसतात. याहून लहान साचा घेऊ नका. अर्धा इंची नळी चार इंची पाइपवर वळवता येते, पण नवशिक्याच्या हातून दर तिसऱ्या वेढ्याला चपटी होते.

चपटी होऊ नये म्हणून आत वाळू भरायची. इथे घाई करणारे फसतात. नदीची बारीक वाळू चहाच्या गाळणीतून चाळून घ्या आणि कढईत भाजून पूर्ण कोरडी करा. नळीच्या एका टोकाला लाकडाची खुंटी ठोका. गुंडाळी उभी धरा, वरच्या टोकात कागदाचं नरसाळं लावून चमचा-चमचा वाळू सोडा, आणि दुसऱ्या हाताने लाटण्याने नळीवर टकटक करत राहा, अगदी खालपासून वरपर्यंत. गुंडाळी थोडी-थोडी फिरवत राहिलं की वाळू पुढे सरकते. सुरुवातीला टकटकीचा आवाज पोकळ येतो, वाळू बसत गेली की तो बद्द होतो. आवाज सगळीकडे सारखा बद्द झाला आणि वाळू अर्धा तास खाली बसेना, की दुसरी खुंटी. माझ्याकडचा पोरगा हे पाऊण तासात करतो. पहिल्यांदा करणाऱ्याला दोन तास लागतात, आणि एका तासानंतर ‘एवढी पुरे’ असं वाटतं. ती पुरत नाही.

वाळू भरलेल्या नळीला टॉर्च लावायचा मोह झाला तर आधी हे लक्षात ठेवा: वाळूत ओल राहिली असेल तर दोन्ही बाजूंनी बंद नळीत तिची वाफ होते आणि खुंटी गोळीसारखी सुटते. नवी मऊ नळी गरम न करताच वळते. गरज नाही.

वळताना दोघं लागतात. एकाने पाइप मांडीवर धरून हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने नळी ताणून धरायची. नळी पाइपवर ढकलायची नाही, पाइपनेच नळी ओढून घ्यायची. वेढे आधी एकमेकांना चिकटून घालायचे. आठ वेढे झाले की हात सोडा. तांबं किंचित मागे येतं, त्यामुळे कॉइल पाइपवरून अलगद सुटते. मग दोन्ही टोकांना धरून स्प्रिंगसारखी ताणा, एका वेढ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ३ सेंटीमीटर अंतर येईपर्यंत. सगळी उंची वीतभरापेक्षा थोडी जास्त होते, २४-२५ सेंटीमीटर. तीन बाजूंनी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या लावून प्रत्येक वेढा तारेने बांधा. हे केलं नाही तर कॉइल स्वतःच्या वजनाने बसते, एखादा वेढा आडवा होतो, आणि पुन्हा तिथे पाणी साचून गुडगुड.

खुंट्या काढा, वाळू ओता, टकटक करत सगळी बाहेर काढा. मग सायकलच्या दुकानातून पाव इंची छर्रा आणा आणि वरच्या टोकातून सोडा. कॉइल ज्या स्थितीत बसणार त्याच स्थितीत धरून. छर्रा घरंगळत, खुळखुळत, न थांबता खालून बाहेर पडला तर उतार बरोबर आहे आणि नळी कुठे चेपलेली नाही. मध्येच थांबला तर कुठे थांबला ते आवाजावरून कळतं, तिथला वेढा वाकवून सरळ करा. ही परीक्षा मी प्रत्येक कॉइलची घेतो. शेजारच्या मुलांना या छर्ऱ्याचा आवाज पाठ झालाय.

बादलीच्या तळाजवळ, बाजूला, भोक पाडून टँक निपल बसवा आणि कॉइलचं खालचं टोक त्यातून बाहेर काढा. फटीला बाहेरून एम-सील लावलं तरी चालेल, तिथे अर्काचा संबंध येत नाही. वाफेच्या वाटेवर मात्र एम-सील, अॅराल्डाइट, साधा प्लंबरचा डाग (सोल्डर) काहीही चालणार नाही. जुन्या धाटणीच्या डागात शिसं असतं. कोणत्याही एसी मेकॅनिककडून नळीचं तोंड फ्लेअर करून, म्हणजे कर्ण्यासारखं पसरवून, पितळी फ्लेअर नट लावून घ्या. ते काम पाच मिनिटांचं, आणि नट सोडला की धुवायलाही सोपं. चुड्यांवर, म्हणजे आट्यांवर, टेफ्लॉन टेप चालते.

पाणी तळाशी आत, वरून बाहेर. उलटं करू नका. कोमट झालेला अर्क खाली सगळ्यात थंड पाण्याला भेटला पाहिजे आणि तापलेलं पाणी वरून निघून गेलं पाहिजे. हिशेबाने मिनिटाला पाऊण लिटर पाणी फिरलं तरी पुरतं. पण नळ सोडून तीन तास पाणी गटारात घालवणं आपल्याकडे उन्हाळ्यात पाप आहे. २०० लिटरचा ड्रम भरा, त्यात कूलरचा छोटा पंप सोडा, पाणी बादलीच्या तळाशी चढवा आणि बादलीच्या वरच्या इंचभर भोकातून परत ड्रममध्ये पडू द्या. तीन तासांत ६ लिटर अर्क काढलात तर ड्रमचं पाणी १८ अंशांनी तापतं, २७ चं ४५. तेवढ्यात दिवसाचं काम आटपतं आणि घरातल्या चौघांची आंघोळ होते. आमच्याकडे रविवारी गवती चहा चढला की सौ. गीझर लावतच नाही.

बोअरचं पाणी असेल तर वरच्या तीन-चार वेढ्यांवर पांढरा थर चढेल. सहा महिन्यांनी बादलीत लिंबूसत्व घालून कॉइल रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी घासणीने निघतो.

आता तांबं की स्टील. लोक सांगतात की तांबं स्टीलच्या चोवीसपट उष्णता वाहून नेतं. खरं आहे, पण इथे त्याचा उपयोग नाही. नळीची भिंत जेमतेम मिलीमीटरभर. खरा अडथळा भिंतीत नसतो, नळीला बाहेरून बिलगलेल्या संथ पाण्याच्या थरात असतो. मी आकडेमोड केली तेव्हा स्टीलमुळे होणारा तोटा अडीच टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे ५ मीटरच्या जागी फार तर सव्वापाच. तांबं मी घ्यायला सांगतो ते हाताने वळतं म्हणून. स्टीलची नळी घरी वळत नाही, ती वळवूनच आणावी लागते.

पण तांब्याचा एक गुण आपल्याला आजीपासून माहीत आहे: आंबट पदार्थ त्यात कळकतो. भांड्याला कल्हई लावता येते, कॉइलच्या आत कल्हईवाला जाणार कसा? काही पानाफुलांच्या वाफेत थोडं आम्ल असतं. यंत्र आठवडाभर ओलं पडून राहिलं तर आत हिरवा कीट धरतो आणि पुढच्या वेळचा पहिला अर्क निळसर उतरतो. तो ओतून द्यायचा, चव घेऊन बघायची नाही. काम झालं की कॉइलमधून साधी वाफ दहा मिनिटं सोडा, मग फुंकून कोरडी करा, दोन्ही तोंडांना कापडाचे बोळे लावा. तुम्हाला अर्क पिण्यासाठी किंवा विकण्यासाठी काढायचा असेल तर मात्र माझं मत बदलतं. मग ३०४ ग्रेडचं स्टीलच घ्या, नळीसाठी आणि डब्यासाठीही. अंगाला लावायला, खोलीत फवारायला, घरच्या साबणात घालायला तांब्याचं यंत्र नीट निगा राखून पुरतं.

पाणी जितकं गार तितकं चांगलं, असं मीही पूर्वी सांगायचो. एका गृहस्थांनी ओव्याचा अर्क काढायला माझ्याकडून यंत्र नेलं. मी त्यांना बजावलं होतं की कॉइल गारठवून ठेवा. त्यांनी मनापासून ऐकलं, बर्फाच्या लाद्या आणल्या. दुपारी फोन आला की झाकणाची कणीक भिंतीवर उडाली आणि खोलीभर ओव्याचा वास पसरलाय. जाऊन कॉइल सोडली तर खालचे दोन वेढे पांढऱ्या खड्यांनी बंद. ओव्याच्या तेलात थायमॉल असतं, ज्याला आपण ओव्याचं फूल म्हणतो, आणि ते ५० अंशांच्या आसपासच गोठतं. दोष पूर्ण माझा होता. नशीब की झाकणाला क्लॅम्प नव्हते. तेव्हापासून ओवा आणि कापराच्या जातीची पानं असली की मी पाणी मुद्दाम कोमट ठेवायला सांगतो. वाळ्याचंही तसंच, त्याचं तेल जड आणि चिकट असतं, गार नळीत ते पुढे सरकत नाही. गवती चहाला ही अडचण नाही. अर्क हाताला कोमट लागेल असा, ३५-४० अंशांवर उतरू द्या.

प्रश्नाच्या शेवटी तुमच्या दिरांनी एक ओळ घुसडलीय: हेच यंत्र काजूला किंवा मोहाला चालेल का? त्यांना सांगा, नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे आणि त्या हेतूने भट्टीचं साहित्य जवळ ठेवणंही गुन्हाच. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण तिथेही भट्टी परवान्यावर चालते. शिवाय पाण्याची वाफ निसटली तर हात भाजतो. मद्यार्काची वाफ घरातल्या गॅसच्या ज्योतीजवळ निसटली तर ती पेट घेते. त्या कामाच्या कॉइली मी करून देत नाही.

आता बाटली. नळीचं टोक बाटलीच्या तोंडावर मोकळं ठेवा, अर्कात बुडू देऊ नका आणि बूच तर कधीच लावू नका. गॅस बंद केला की डब्यातली वाफ आकसते, आणि टोक बुडालेलं असेल तर काढलेला अर्क उलटा शोषून परत डब्यात. बाटली काचेची, उभट, अरुंद गळ्याची घ्या. गवती चहाचं तेल पाण्याहून हलकं असल्यामुळे पिवळसर कडं गळ्यात वर जमतं, ते ड्रॉपरने उचलता येतं. फार मोठी अपेक्षा ठेवू नका. ताज्या गवतात तेल फार तर अर्धा टक्का. २ किलो गवतातून ५ ते १० मिली तेल निघू शकतं, पहिल्या खेपेला त्याच्या अर्धंही आलं तर छान. गवत कापून एक दिवस सावलीत सुकवलं की डब्यात जास्त मावतं. तळाशी जाळीचा स्टँड ठेवून गवत पाण्याच्या वर राहू द्या, नाहीतर बुडाला लागून करपट वास येतो.

जोडणी झाली की लगेच गवत चढवू नका. आधी कॉइलमधून भांडी घासायच्या साबणाचं गरम पाणी ओता, मग साधं, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मग पुन्हा साधं. नव्या नळीला आतून कारखान्याच्या तेलाचा पुसट थर असतो. त्यानंतर डब्यात ४ लिटर नुसतं पाणी घालून तासभर यंत्र चालवा. पहिला लिटर फेकून द्या. उरलेला वेळ बाटलीत तासाला किती पाणी आलं ते मोजा आणि बादलीच्या वरच्या भोकातून पडणाऱ्या पाण्यात थर्मामीटर धरा. टोकाशी थंड स्टीलचा चमचा धरला तर त्यावर धुकं येता कामा नये. आलं, तर आच एक खूण खाली आणा, नळी वाढवू नका. ते दोन आकडे मला कळवा, मग गवत किती घालायचं ते सांगतो.